दहाव्या माणसाची जागा

"प्रोफेसर, टोपी सरळ करा. नाहीतर शारोनबाई कबरीतून उठून येईल. आधी तुमचा कान धरील, मग माझा."

रहमीम झिराडकर गुरुजी प्रार्थनालयाच्या पायरीवर उभे होते. एवढे म्हणून त्यांनी स्वतःच माझ्या डोक्यावरची काळी मखमली टोपी नीट बसवली, दोन पावले मागे सरून पाहिली आणि मान हलवली. वैशाखातली दुपार होती. नारळीच्या बागांतून येणारा वारा पडला होता. गुरुजींचे लक्ष माझ्याशी बोलतानाही एस.टी.च्या थांब्याकडून येणाऱ्या वाटेवर होते.

"किती आले?" मी विचारले.

"माणसे अशी मोजायची नसतात," गुरुजी म्हणाले, "महिनाभर सांगतोय. एक नाही, दोन नाही, तीन नाही, असे म्हणायचे."

"मग किती नाहीत?"

"एक नाहीपासून नऊ नाहीपर्यंत. तिथेच अडलेय."

अलिबागजवळच्या अष्टागरातल्या त्या गावात एके काळी बेने इस्रायल समाजाची चाळीस घरे होती. कित्येक शतके कोकणात राहून हे यहुदी लोक भाषेने, पोशाखाने, एवढेच काय पण भांडणानेही मराठी झाले होते. केवळ त्यांचा शनिवार आणि त्यांचा देव तेवढा त्यांनी आपला राखला होता. मी तेथे गेलो तेव्हा त्या चाळीस घरांपैकी दोनच पुरुष गावात उरले होते : गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले रहमीम गुरुजी, आणि प्रार्थनालयाची किल्ली कमरेला लावून हिंडणारे त्यांचे चुलतभाऊ बिन्यामीन. बाकीचे मुंबईला तरी गेले होते किंवा इस्रायलला तरी. येत्या आठवड्यात गुरुजीही मुलाकडे इस्रायलला निघाले होते, परत न येण्यासाठी. बाग विकून झाली होती, भांडी वाटून झाली होती. त्या रविवारी त्यांच्या पत्नी शारोनबाईंच्या मृत्यूला वर्ष पूर्ण होत होते. ज्या प्रार्थनालयात ती नवरी होऊन उभी राहिली तेथे, तिच्या कबरीपासून हाकेच्या अंतरावर, तिच्यासाठी कद्दिश म्हणायचे, एवढे एकच काम त्यांनी मागे ठेवले होते.

कद्दिश ही मागे राहिलेल्याने गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना. परंतु ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा यहुदी पुरुष एका छपराखाली जमले तरच तिला तोंड फुटते. नऊ सत्पुरुष जमले तरी ती मुकी राहते, आणि दहा सामान्य माणसे जमली तर ती बोलते. हा नियम मला प्रथम कळला तेव्हा मी त्यावर गुरुजींशी दोन संध्याकाळी वाद घातला होता.

मी त्या काळी पुण्याच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत असे, आणि दोन वर्षांपासून, सुट्टी मिळेल तेव्हा, एक प्रश्न घेऊन हिंडत होतो. जो गेला तो कोठे असतो, आणि त्याला हाक मारली तर त्याला ऐकू जाते काय? वऱ्हाडातल्या एका महानुभाव मठात मी हा प्रश्न घेऊन राहिलो. तेथील वृद्ध महंतांनी मला अत्यंत सुसंगत उत्तर दिले आणि मी ते तितक्याच सुसंगतपणे खोडून काढले. खुलताबादेला एका दर्ग्याच्या ओसरीवर मी गुरुवारमागून गुरुवार बसलो. तेथे कोणी काही विचारलेच नाही, त्यामुळे खोडून काढण्यासारखे काही हाती लागले नाही. इगतपुरीला मौन धरून पाहिले; पण माझे मौन आतून फार बोलके होते. नगरकडच्या एका पाद्रीसाहेबांनी मात्र माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, चहाचा कप खाली ठेवला, आणि ते हसून म्हणाले, "प्रोफेसर, तुम्हाला देव नको आहे. तुम्हाला प्रतिवादी हवा आहे." तरीही ते मला बाप्तिस्मा द्यायला तयार होते. सर्वच जण मला आत घ्यायला तयार होते. कदाचित म्हणूनच मी कोठे आत गेलो नाही.

गुरुजींच्या घरी मी उन्हाळ्यापुरती एक खोली घेतली, तीही ओळखीच्या ओळखीने. पहिल्याच दिवशी कोकमाचे सरबत पुढे ठेवून त्यांनी विचारले, "तुमचे कोण गेले?"

"माझा प्रश्न तात्त्विक आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या बोटातल्या अंगठीकडे पाहिले. बोलता बोलता ती फिरवण्याची मला सवय होती. "असेल," ते म्हणाले, "तात्त्विक असेल. सरबत प्या."

त्या महिन्यात मी त्यांच्याकडून हिब्रू लिपी शिकलो. प्रार्थना पाठ केल्या. भाषा कोणतीही असो, पाठांतर आणि उच्चार यांत मी कोणाला हार जात नसे. रोज दुपारच्या प्रार्थनेला मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत असे आणि सर्व काही त्यांच्याबरोबर म्हणत असे. एक शब्द तेवढा गाळीत असे. आमेन म्हणजे 'हे असेच आहे', अशी साक्ष. आणि सिद्ध न झालेल्या विधानाला मी साक्ष राहत नसे. गुरुजी चिडवत. "बघ बिन्यामीन, अख्खे जेवण जेवतो हा माणूस, आणि ढेकर देताना म्हणतो, मी जेवलोच नाही."

एकदा मी त्यांना सरळ विचारले होते, "मला तुमच्यात घ्याल?"

या वेळी ते हसले नाहीत. मग म्हणाले, "आमच्यातून जातात, आमच्यात येत नाहीत. आणि आलाच कोणी, तर त्याला तीनदा परत पाठवायचे असते. मी एकदा पाठवला असे समजा."

सर्व दारे उघडी पाहून कंटाळलेल्या मला ते बंद दार किती हवेसे वाटले, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. त्यानंतर रोज दुपारी शेवटच्या बाकावरून मी त्या रिकाम्या बाकांकडे पाहत असे आणि वाटे, तेथे आपली एक जागा असती, ज्या जागेवाचून दुसऱ्या कोणाचे काही अडले असते, तर आपला प्रश्न आपण विचारलाही नसता.

तर त्या रविवारी दुपारपर्यंत पाहुणे आले. अलिबागचे दोघे भाऊ, ठाण्याचे तिघे, मुंबईचा एक वकील, आणि पनवेलचे हसाजीकाका. काका ऐंशीच्या पुढचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण प्रार्थना चालवायची तर त्यांनीच, असा त्या पट्ट्यात रिवाज होता. गुरुजी आणि बिन्यामीन धरून झाले नऊ. दहावा, गुरुजींचा मेहुणा, पेणहून येणार होता.

"मोशे येतो म्हणजे येतो," गुरुजी सगळ्यांना सांगत होते. "शारोनचा सख्खा भाऊ आहे."

"एस.टी. त्याची सख्खी नाही ना," बिन्यामीन म्हणाले.

वकिलाने घड्याळ पाहिले. दुपारची प्रार्थना सूर्यास्तापूर्वी व्हावी लागते. पश्चिमेच्या खिडकीतून आलेले ऊन भिंतीवर चढत चालले होते. एलियाहू पैगंबराच्या नावाची एक रिकामी खुर्ची तेथे भिंतीशी असते, ती कधी कोणी वापरीत नाही; ऊन तिच्या पाठीपर्यंत पोहोचले तेव्हा हसाजीकाका म्हणाले, "मोशे येईल तेव्हा येईल. आपण आरंभीचे स्तोत्र म्हणू या. त्याला दहा लागत नाहीत."

सगळे उभे राहिले आणि मीही. ते म्हणू लागले. नेहमीप्रमाणे मी त्यांच्याबरोबर म्हणू लागलो. स्तोत्र संपले तेव्हा काकांनी मान माझ्या दिशेने वळवली.

"तो मागचा आवाज कोणाचा? अक्षर न् अक्षर स्वच्छ! कुठले तुम्ही?"

"पुण्याचा," मी म्हणालो.

"तरीच. पुण्याची आपली मंडळी उच्चाराला पक्की. पुढे या, मागे कशाला उभे?"

पुण्यात बेने इस्रायलांची मोठी वस्ती आहे. काकांना जे वाटले ते वाटणे अगदी स्वाभाविक होते. ठाण्याच्या एकाने सरकून मला जागा करून दिली. गुरुजी काही तरी बोलण्यासाठी वळले. पण तेवढ्यात काकांनी मोजायला सुरुवात केली होती.

माणसांना आकडा लावायचा नाही, म्हणून त्यांच्याकडे दहा शब्दांचे एक वचन आहे. एकेका माणसाकडे हात करून एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरे झाले की माणसे पुरी झाली. काकांचा हात अलिबागच्या भावांवरून फिरला, वकिलावरून फिरला, बिन्यामीनवर आला, गुरुजींवर आला, स्वतःच्या छातीवर टेकला. मग तो माझ्यासमोर येऊन थांबला, आणि काकांनी शेवटचा शब्द उच्चारला.

"झाले," ते म्हणाले. "रहमीम, तुझी बायको नशिबाची. सुरू करू या."

मला आठवते, तो शब्द माझ्यावर पडला तेव्हा माझे पाय जड झाले. अशी जडता मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती. मी हिशेबात धरला गेलो होतो. माझ्यावाचून वचन अपुरे राहिले असते. बाकीच्या सात जणांना यात काही वावगे दिसले नाही; त्यांनी पुस्तकांची पाने उलटली. खरे ठाऊक होते ते तिघांना. बिन्यामीन खाली पाहू लागले आणि किल्ली चाचपू लागले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत जे होते त्याला याचना म्हणणे मला अवघड जाते; ते स्वाभिमानी गृहस्थ होते. पण ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्यांनी डोळेही काढून घेतले नाहीत.

ऊन खुर्चीच्या माथ्यावर आले होते.

"काका," मी म्हणालो, "तो शेवटचा शब्द माझ्यावरून काढून घ्या. मी तुमच्यातला नाही."

पाने उलटण्याचा आवाज थांबला.

"म्हणजे?" वकील म्हणाला.

"मी गुरुजींचा भाडेकरू. विश्वंभर गणपुले. मी फक्त पाठ केले आहे."

 हसाजीकाकांनी हात पुढे करून माझा खांदा शोधला आणि त्यावर थोपटले. "बरे केलेत," ते म्हणाले. "रहमीम, ज्याची त्याने मनात म्हणू या. कद्दिश नाही."

प्रत्येकाने पूर्वेकडील भिंतीकडे तोंड करून आपापली प्रार्थना ओठांतल्या ओठांत म्हटली. मी शेवटच्या बाकावर परत गेलो. पेणची एस.टी. आली नाही. ती वाटेत बंद पडली होती, हे आम्हाला नंतर कळले.

पाहुण्यांना थांब्यावर पोहोचवून गुरुजी परत आले तेव्हा मी विहिरीपाशी उभा होतो. ते माझ्याशी बोलणार नाहीत असे मला वाटले होते. ते थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"महिनाभर तुमचे तोंड बंद नाही," ते म्हणाले. "जेवताना वाद, नारळ सोलताना वाद. आणि आज, आज घटकाभर मुके राहवले नाही तुम्हाला?"

"गुरुजी, ते खोटे झाले असते."

"कुणाला कळले असते? आंधळ्या हसाजीकाकाला?"

"तुम्हाला ठाऊक होते."

"मी सांभाळले असते माझे!" त्यांचा आवाज चिरकला. "मी परत येणार नाही इथे. कळते का तुम्हाला? तिला इथे ठेवून चाललोय. तिच्यासाठी म्हणणारे या गावात उद्यापासून कोणी नाही."

 मी अंगठी फिरवीत उभा राहिलो. गुरुजींनी रहाटाचा दोर धरला, पोहरा सोडला, पण तो वर ओढला नाही.  मग ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज निराळा होता. फळ्यापुढे उभे राहून पोराच्या उदाहरणातली चूक दाखवणाऱ्या शिक्षकाचा.

"प्रोफेसर, एक सांगा. ऐकणारा आहे हे सिद्ध होत नाही, असे तुम्हीच म्हणता ना?"

"होय."

"मग नऊ काय आणि दहा काय? ऐकणाराच नाही, तर फसवले कुणाला जाणार होते? मला समाधान मिळाले असते, काकाला पुण्य. तोटा कुणाचा?"

"तत्त्वाचा प्रश्न…"

"तत्त्व सोडा. तुमचे पाय जमिनीला खिळले होते, मी पाहिले. तत्त्वाने पाय खिळत नाहीत. कुणाला घाबरलात?"

दोन वर्षांत मला निरुत्तर करणारे कोणी भेटले नव्हते.  गुरुजींनी पोहरा वर ओढला आणि ओंजळीने तोंडावर पाणी मारले.

"शारोन असती तर म्हणाली असती, भाडेकरू बरा निघाला," ते म्हणाले. "तिला खोटे मोजमाप चालत नसे. तांदूळसुद्धा मापावरची शीग काढून नेमके घ्यायची. चला आत. मलिदा भिजवून ठेवलाय. त्याला दहा लागत नाहीत, पण निदान खाणारे तरी हवेत."

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यांत ओले खोबरे, गूळ, वेलची, आणि वर फळांच्या फोडी. एलियाहू पैगंबराचे नाव घेऊन हे ताट मांडायचे, ही या लोकांची कोकणातली जुनी चाल. घरात सामान असे उरलेच नव्हते. ताट एका पालथ्या खोक्यावर ठेवले होते. शारोनबाईंनी विहिरीशी लावलेल्या सब्ज्याचा एक तुरा बिन्यामीनने खुडून आणला. गुरुजींनी आशीर्वाद म्हटला, तो हुंगला आणि माझ्या हाती दिला. मी हुंगून तो बिन्यामीनकडे दिला. मग गुरुजी ताटावर हात धरून बसले.

"आमच्या घरात इथे गेलेल्यांची नावे घेतात," ते म्हणाले. "शारोन, सिपोराची लेक." त्यांनी पुढचे हिब्रूत म्हटले, हळू, जराही न अडखळता. बिन्यामीन म्हणाले, "आमेन." मी नेहमीप्रमाणे गप्प राहिलो.

गुरुजींनी हात खाली घेतले नाहीत.

"आता तुमचे."

"माझे काय?"

"अंगठी घालून दोन वर्षे रानोमाळ फिरणाऱ्याचा प्रश्न तात्त्विक नसतो, प्रोफेसर. नाव सांगा बाईचे."

बाहेर बागेतली गडीमाणसे उतरवलेले नारळ गोळा करीत होती. त्यांचा बोलण्याचा आवाज येत होता. हे नाव मी दोन वर्षांत उच्चारले नव्हते. मठात नाही, चर्चमध्ये नाही.

"कुमुदिनी," मी म्हणालो. "कुमुदिनी विश्वंभर गणपुले."

"तुमचे नाव मध्ये कशाला? तुम्ही आहात इथे. नवऱ्याचे नाव लागत नाही याला. आईचे नाव घ्यायचे. कुणाची लेक?"

मला क्षणभर आठवेना. मग आठवले. "द्वारकाबाईंची."

"द्वारकेची कुमुदिनी," गुरुजी जुळवून पाहू लागले, आणि थांबले. कोकणात जन्म गेलेल्या माणसाला आमच्या चालीरीती ठाऊक असायच्याच. "कुमुदिनी हे तुम्ही लग्नात ठेवलेले ना? ताटात तांदूळ पसरून?"

मी ताटाकडे पाहिले. पांढरे पोहे, पितळेची कड. चौदा वर्षांपूर्वी अशाच एका ताटातल्या तांदळांवर, हीच अंगठी बोटातून काढून हाती धरून, मी ते नाव काढले होते. फार विचार करून निवडलेले नाव. कुमुदिनी : चंद्र उगवल्यावर उमलणारी. मागे बसलेली तिची आई हळूच शेजारणीला म्हणाली होती, "सुरेख आहे हो, पण मला हाक मारता नाही यायची." आणि खरोखरच त्या बाईने आमच्या घरी कधी त्या नावाने हाक मारली नाही. ती यायची तेव्हा दारातूनच जुन्या नावाने हाका मारायची, आणि माझी बायको, हातातले काम टाकून, माझ्या हाकेला कधी धावली नव्हती तशी धावत जायची.

"आईने ठेवलेले सांगा," गुरुजी म्हणाले. "ज्याला ती ओ देते ते."

 गुरुजी थांबले. बिन्यामीन थांबले.

"मथुरा," मी म्हणालो. "माहेरी मथी म्हणत."

"मथुरा, द्वारकेची लेक," गुरुजी म्हणाले. आणि मग तेच हिब्रू शब्द, शारोनबाईंसाठी म्हटले होते त्याच चालीवर, त्याच सावकाशीने. त्या परक्या शब्दांच्या मध्ये ते घरगुती नाव दोनदा आले. दोन वर्षे मी तिला मी ठेवलेल्या नावाने शोधीत होतो.

प्रार्थना संपली. बिन्यामीन "आमेन" म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले नाही. ते ताटातल्या फळांकडे पाहत स्वस्थ बसून राहिले.

त्याला आज तीस वर्षे होऊन गेली. गुरुजी त्याच आठवड्यात गेले आणि पुढे तिकडेच वारले. मी कोणत्याही धर्मात गेलो नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तरही मला कोणी दिलेले नाही. दर वैशाखात मी त्या गावी जातो, शारोनबाईंच्या कबरीवरचा पालापाचोळा काढतो आणि तिच्या आईच्या नावासह तिचे नाव घेतो. मग दुसरे नाव घेतो.

पण त्या संध्याकाळी, त्या पालथ्या खोक्यापुढे, तो गाळलेला शब्द मी म्हटला. इतक्या हलक्या आवाजात म्हटला की शेजारी बसलेल्या गुरुजींना तो ऐकू गेला की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांना ऐकू जावा म्हणून मी तो म्हटला नव्हता.